मंद नाडीचा तोरा

शाबासकी

मला छातीचे ठोके मोजायला लावणाऱ्या पहिल्या माणसानं मला शाबासकी दिली होती. त्यामुळे मी आजारी आहे हे कळायला फार उशीर झाला.

राहांगडाले सर बालाघाटच्या एका शाळेत पी.टी. शिकवायचे आणि पहाटे आम्हा मोजक्या पोरांना पळवायचे. त्यांचा एक नियम होता. सकाळी जाग आली की पाय जमिनीला टेकायच्या आत, अंथरुणातच, गळ्याशी दोन बोटं लावून नाडी मोजायची. मैदानावर आल्यावर रामराम वगैरे काही नाही, आधी आकडा सांगायचा.

"काय बे, किती?"

आकडा जितका खाली, तितका पोरगा पक्का. सर ते असं समजावून सांगायचे: "हापशी पाह्यली ना? लेकरू दांडा मारून मारून थकते, तवा बकेट भरते. पहलवान दोन-चार झटके देते, बकेट भरली. सरावानं काळीज पहलवान होते. मंग त्याले घाई राहात नाही." पुढे मोठमोठ्या डॉक्टरांकडून मी हेच ऐकलं, फक्त त्यात हापशी नव्हती.

माझा आकडा सगळ्यांत खाली असायचा. पोरं मला कासव म्हणायची आणि मी त्या नावानं फुगायचो. माणसं सोन्याच्या अंगठीचा तोरा मिरवतात, मी नाडीचा मिरवायचो. बैहर रोडवर उकव्याच्या खाणीतून मँगनीजचे ट्रक यायचे, त्यांची काळी धूळ घामाबरोबर पोटऱ्यांवर बसायची. घरी आलो की आई मला न्हाणीच्या बाहेरच थांबवायची. पण घाट चढताना एक वेळ अशी यायची की श्वास, पाय, रस्ता सगळं आपोआप एका तालात लागायचं आणि आपण धावतोय की कोणी आपल्याला पळवतंय हे कळायचं नाही. मला त्याच्याइतकं सुख दुसऱ्या कशातच मिळालं नाही. नंतर लग्न झालं, मुलं झाली, तरी हे वाक्य मी बदलणार नाही. बायकोला माहीत आहे.

कधीकधी चढावर छातीत धडधड व्हायची आणि डोळ्यांपुढे अंधारी यायची. मला वाटायचं, सगळ्यांनाच येत असेल. सर म्हणायचे, तिथूनच खरी शर्यत सुरू होते.

उन्हाळ्यात आम्ही वैनगंगेपलीकडे बाबांच्या गावी जायचो. तिथे मी शेतांच्या धुऱ्यांवरून, कॅनॉलच्या पाळीवरून धावायचो. ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं मला येताना पाहून उठायची आणि घरात जायची. एकीनं तर दार लावून घेतलं. मला वाटायचं, माझ्या चड्डीची त्यांना लाज वाटत असावी.

पडलो तो दिवस

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी विशीत होतो. हिवाळ्यातल्या एका स्पर्धेत पाच हजार मीटर धावायचं होतं. त्यात पहिला आलो असतो तर राज्याच्या संघात जागा मिळाली असती, आणि तिथून पुढे खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी. नोकरीची बाजू बाबांना कळायची. मला फक्त आणखी मोठ्या मैदानावर धावायचं होतं.

शेवटच्या वळणावर मी पुढे होतो. बराच पुढे. छातीत एकदम फडफड झाली, कानात पाण्यासारखा आवाज भरला आणि मैदान बाजूला कलंडलं. पुढचं आठवतं ते सरांचं तोंड आणि त्यांच्यामागे आभाळ. माझ्या मागचा पोरगा जिंकला. संध्याकाळी तो मला बघायला घरी आला, तेही पेढे घेऊन. बिचाऱ्याचा हेतू चांगला होता. मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

कारणं सांगणारे भरपूर होते. आई म्हणाली, उपाशी पळतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, नजर लागली. सरांना वाटलं, अंगातलं पाणी कमी झालं. बालाघाटच्या डॉक्टरांनी छातीला तारा लावून कागद काढला, तो सरळ धरून पाहिला, उलटा धरून पाहिला आणि विचारलं, "हा पेपर तुझाच ना?" मग त्यांनी नागपूरला पाठवलं.

बालाघाटहून छोट्या लाइनच्या गाडीनं गोंदिया, तिथून मोठ्या गाडीनं नागपूर. बाबा सोबत होते. ते जलसंसाधन विभागात बाबू होते आणि कुठल्याही खिडकीसमोर हात जोडून उभे राहायची त्यांना सवय होती. नागपूरच्या हृदयाच्या डॉक्टर बाई होत्या, म्हणून बाबा त्यांना मॅडम म्हणू लागले आणि मीही.

मॅडमनी छातीवर गार चिकट काहीतरी लावलं आणि पडद्यावर माझं काळीज दाखवलं. धुक्यात मूठ उघडते-मिटते तसं काहीतरी दिसत होतं. त्या बराच वेळ गप्प होत्या. रिपोर्ट वाईट असला तर डॉक्टर बोलत नाहीत, हे मला तिथं कळलं.

"हृदयाची भिंत जाड आहे," त्या म्हणाल्या. "याची दोन कारणं असू शकतात. वर्षानुवर्षं धावणाऱ्या माणसाचं हृदय मेहनतीनं थोडं जाड होतं, मोठं होतं, ठोके कमी होतात. ते चांगलं. पण एक आजारही असतो. घराण्यातून येतो. त्यातही भिंत जाडच दिसते. त्या आजाराचा माणूस धावता धावता पडतो आणि कधीकधी उठत नाही."

"मंग माह्या पोराले यातलं कोणतं?" बाबांनी विचारलं.

"चित्रावरून मला सांगता येत नाहीये. याच्या बाबतीत दोन्ही सारखंच दिसतंय."

म्हणजे ज्याचा मी तोरा मिरवत होतो तेच मला मारणार होतं, किंवा नव्हतं. दोन्ही तितकंच खरं होतं.

मग मॅडमनी विचारलं, "तुमच्या घरात कोणी तरुण वयात अचानक गेलंय का? भाऊ, काका, मामा?"

"नाही मॅडम," बाबा म्हणाले. "आमच्यातले सारे म्हातारे होऊन मेले."

त्यांच्या चेहऱ्यावर खोटेपणाची रेघही नव्हती. मी आजही शपथेवर सांगेन, ते खोटं बोलत नव्हते.

वॉर्ड

मला दोन-तीन दिवस ठेवून घेतलं. उशाशी यंत्र होतं. ठोके फार कमी झाले की ते बोंबलायचं. आता माझे ठोके झोपेत कमी होणारच. दुपारी जरा डोळा लागला की यंत्र ओरडायचं, सिस्टर धावत यायची आणि मला गदागदा हलवायची: "अहो, उठा! उठा!" मी उठायचो, यंत्र गप्प व्हायचं, पुन्हा झोपायचो, पुन्हा बोंब. शेवटी एका मल्याळी सिस्टरनं यंत्राचं बटण खाली फिरवलं आणि दुसरीला म्हणाली, "तो खेळाडू आहे. त्याचं असंच असतं." मी भिंतीकडे तोंड करून रडलो. त्या दिवसांत मला खेळाडू म्हणणारी ती एकटीच.

शेजारच्या खाटेवर भंडाऱ्याचे एक कंडक्टर होते. ॲटॅक येऊन आलेले, पण तोंड बंद नाही. "माही गाडी बंद पडली म्हणून आणलं," ते म्हणाले. "तुही लय चांगली चालते म्हणून आणलं काय बे?" मला ते फार आवडले. त्यांनी मला अर्धं संत्रं दिलं आणि उरलेलं उद्या खाऊ म्हणून स्टुलावर ठेवलं. सकाळी मी उठलो तर खाटेवर धुतलेली चादर होती. संत्रं तिथंच होतं.

निघताना मॅडमनी उपाय सांगितला. होळीपर्यंत धावायचं नाही. सायकल नाही, जिने नाहीत, पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. मेहनतीनं जाड झालेली भिंत मेहनत थांबली की बारीक होते. आजाराची होत नाही. "मग आपल्याला कळेल," त्या म्हणाल्या.

बसून राहण्याचे महिने

आईला एवढंच समजलं की पोराचं काळीज जाड झालंय आणि ते बारीक करायचं आहे. तिनं दुसऱ्या दिवशी तुपाची बरणी माळ्यावर चढवली. वरणात तूप नाही, पोळीला तेल नाही, भाजी नुसती वाफवलेली. शेजारच्या काकू सांगून गेल्या, "त्याच्या काळजाले चरबी चढली म्हणते, सकाळी लिंबूपाणी दे." मी कितीदा समजावलं. आई म्हणायची, "तुले का समजते? जाडं माणूस उपाशी ठेवलं त बारीक होते, मंग काळीज काहून नाही होणार?"  मी होळीपर्यंत दुधीभोपळा खाल्ला.

आता गंमत वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती. धावणाऱ्या माणसाचं शरीर धावणं थांबल्यावर किती झटपट मोडतं, हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. आधी पाय बेचैन होतात, झोपेत लाथा मारतात. मग भूक जाते. मग एक दिवस अंथरुणात बोटं गळ्याशी लावावीत तर नाडी वाढलेली. वर्षानुवर्षं घाट चढून कमावलेलं असं रोज थोडंथोडं घरात बसून ओसरत होतं. आणि वाईट म्हणजे मला त्याचाच आनंद मानायचा होता. मी जितका बिघडेन तितकी माझी आशा वाढणार होती. धावता यावं म्हणून मी देवाकडे मागत होतो की माझं काळीज दुबळं होऊ दे. असा नवस त्याच्याकडे दुसऱ्या कोणी केला नसेल.

पहाटे आमची पोरं घरासमोरून पळत जायची. दार न उघडता, नुसत्या पावलांवरून मी ओळखायचो, कोण पुढे, कोण मागे, कोणाचा घोटा अजून दुखतोय. एक जागा त्यांनी मोकळी सोडलेली ऐकू यायची. कदाचित तो माझा भासच असेल.

उजव्या कुशीवर झोपलो की उशीत ठोके ऐकू यायचे. आधी मला तो आवाज घरच्या माणसासारखा होता. आता प्रत्येक ठोक्यानंतर मी पुढच्याची वाट बघायचो. आला की बरं वाटायचं. मग पुन्हा वाट. दोन ठोक्यांच्या मधल्या त्या रिकाम्या जागेची मला जेवढी भीती वाटली, तेवढी पुढे कशाचीही वाटली नाही.

सर दर रविवारी यायचे. आकडा विचारायचे नाहीत. इकडचं तिकडचं बोलायचे, चहा प्यायचे आणि जाताना दारात उभे राहून म्हणायचे, "येशील बे तू. येशीलच." मला त्यांच्या डोळ्यांत बघवायचं नाही.

आत्या

माघात बाबांची मोठी बहीण गावाहून मला बघायला आली. ही आत्या म्हणजे तोंडानं फटकळ, पण भाच्यांवर जीव टाकणारी. ती माझ्या खाटेशी बसली आणि विचारलं, "पडला तवा कसं झालतं रे?"

मी सांगितलं. छातीत धडधड, कानात पाण्याचा आवाज, डोळ्यांपुढे अंधारी.

आत्याचा चेहरा पांढरा पडला. ती बाबांकडे वळली. "आयकून राह्यला ना? तेच बोल. अक्षरशः तेच."

"अक्का, नोको," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"काहून नोको? पोट्टं हातचं चाललं. तो लागला याले. मी लहानपणीच म्हनलं होतं, हे पोट्टं पळाले लागलं की त्याच्यावानीच दिसते. गावातले लोक उठून घरात जात, ते का उगीच?"

असं कळलं मला, की बाबांना एक मोठा भाऊ होता. माझ्या वयाचा असताना गेला. धावण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या टापूत कोणी नव्हता. पटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोड्या सुटायच्या आधी हा गडी त्यांच्या वाटेवरून एकटा धावून दाखवायचा आणि लोक बैलांपेक्षा त्याला जास्त ओरडायचे. एका माघात पटाच्या शेवटी, मोहाच्या झाडाखाली पोचला आणि पडला. उठलाच नाही. मोहावर राहणाऱ्या भुताच्या बाईनं नेलं, असं गावानं ठरवलं. जे असं जातात त्यांचं नाव घरात घेत नाहीत. नाव घेतलं की ते वळून पाहतात, आणि वळून पाहिलं की घरातल्या कोणाला तरी सोबत नेतात. म्हणून त्याचं नाव गेलं, फोटो गेला, त्याची थाळीसुद्धा नदीत सोडली. मी त्या घराण्यात जन्मलो, वाढलो, त्या मातीत धावलो आणि मला काका होता हेच मला माहीत नव्हतं.

बाबांचं "नाही मॅडम" मला तेव्हा समजलं. डॉक्टरीणबाईनं आजारानं कोण गेलं ते विचारलं होतं. त्यांचा भाऊ आजारानं गेलाच नव्हता.

मोहाखाली

आत्याचा इलाज ठरलेला होता. आम्ही सगळे गावी गेलो. मला जायचं नव्हतं, पण त्या दिवसांत मी नाही म्हणायच्या लायकीचा उरलो नव्हतो.

पटाची जागा रिकामी होती. लांब, सरळ, बैलांच्या खुरांनी भुसभुशीत झालेली. टोकाला मोह. खाली शेंदूर लावलेला दगड. भगतानं नारळ फोडला, लिंबू कापलं, उदबत्ती खोचली. मग आत्या मला म्हणाली, "तुहे बूट दे."

माझे खिळ्यांचे बूट तिनं पिशवीतून आणले होते. सरांनी स्वतः भोपाळहून आणून दिलेले.

"त्याले धावाचं राह्यलं आहे," आत्या म्हणाली. "म्हणून तो तुह्या पायात शिरते. त्याले हे बूट देऊन दे. मंग तो तुले सोडन."

मी बूट दगडाशी ठेवले. आत्या तिथं बसून त्याच्याशी बोलत राहिली, नाव न घेता, नुसतं भाऊ, भाऊ करत. "दोनदा बसला होता ना रे भाऊ छाती धरून? तिकडे पेरणीच्या वख्ताले, अन् पोळ्याले. मायनं कांदा हुंगवला, तू हासला. तिसऱ्या बारीले नाही उठला..."

मी ऐकत होतो. दोनदा बसला होता. छाती धरून. मीही दोनदा बसलो होतो, घाटात, एकटा असताना, आणि ते सरांनाही सांगितलं नव्हतं.

मी भूतबित मानत नाही. पण परतताना मी मागे वळून पाहिलं तेव्हा त्या लांब मोकळ्या वाटेवर कोणीतरी माझ्याकडे पाठ करून उभं आहे असं वाटलं, ते अजून वाटतं. नंतरच्या वर्षांत मी त्याला चेहरा द्यायचा खूप प्रयत्न केला. दर वेळी माझाच येतो.

पुन्हा नागपूर

होळी झाली आणि आम्ही गेलो. तीच खोली, तेच गार चिकट. मॅडमनी जुनं चित्र आणि नवं चित्र शेजारी ठेवून बराच वेळ पाहिलं.

"थोडी कमी झालीय," त्या म्हणाल्या. "व्हायला हवी होती तेवढी नाही, पण झालीय. खरं सांगू? हे मधलं आहे. दोन्हीकडे ओढता येतं." त्यांनी चष्मा काढला. "घराण्यात कोणी गेलेलं असतं तर मी एका मिनिटात थांबवलं असतं. तसं कोणी नाही, म्हणून मला वाटतं, हळूहळू सुरू करू द्यावं. दर सहा महिन्यांनी इथं यायचं. घराण्यात तसं कोणी नाही ना?"

"नाही मॅडम," बाबा म्हणाले.

माझ्या पायांनी ते ऐकलं. खुर्चीतच माझ्या पोटऱ्या ताणल्यासारख्या झाल्या. बैहर रोड, पहाटेचं धुकं, पोरांच्या मधली माझी जागा. मी फक्त गप्प बसायचं होतं. बाबा त्यांच्या परीनं खरं बोलले होते, मी कोणाला फसवत नव्हतो.

मग बोलायची हिंमत कुठून आली? हिंमत नव्हतीच ती. लोक म्हणतात, तू मोठा शहाणपणा केलास. शहाणपणा नाही, मी घाबरलो होतो. मला तो मोहाखालचा दगड दिसला आणि त्याच्याशेजारी दुसरा.

"आहे," मी म्हणालो. "काका होते. माझ्याच वयाचे. धावता धावता पडले. त्याच्याआधी दोनदा छाती धरून बसले होते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी जोडलेले हात मांडीवर ठेवले. मॅडमनी पेन उचललं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "नाव काय होतं त्यांचं?"

मला माहीत नव्हतं. मी बाबांकडे पाहिलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते. बाहेर काही नव्हतं, एक पाण्याची टाकी होती. शेवटी ते म्हणाले,

"तुळशीराम."

आणि जरा वेळानं, "आमचे दादा."

त्यांनी ते नाव तीसेक वर्षांत पहिल्यांदा उच्चारलं असावं. ते खोलीभर बघत होते. कोणी वळून पाहतंय का, ते बघत होते.

मॅडमनी मला जे सांगायचं ते सांगितलं. शर्यत नाही, घाट नाही, कधीच नाही. गोळी रोज, जन्मभर. मग त्या बाबांना म्हणाल्या, "काका, तुमचा शर्ट काढा."

बाबा त्याच खाटेवर आडवे झाले. मी पडदा बघत होतो. आतापर्यंत मला ते चित्र वाचता येऊ लागलं होतं. धुक्यात मूठ उघडत होती, मिटत होती, आणि तिची भिंत माझ्याहून जाड होती.

"पण मले त कधी काहीच नाही झालं," बाबा म्हणाले.

"तुम्ही कधी धावलात?"

बाबांनी विचार केला. "नाही. मायनं धावूच नाही देल्लं. दादा गेल्यावर. शाळेत पीटीच्या तासाले मी सावलीत बसो, पोट्टे हासत. तिले वाटे, मोहावरची मलेबी नेईन."

 मॅडमनी रुमालानं बाबांच्या छातीवरचं ते गार चिकट स्वतः पुसलं.

ज्यांना हे वाचायची वेळ आली आहे त्यांना

आता मी चाळिशी ओलांडली आहे. बैहरच्या एका सरकारी कचेरीत बसतो. गोळी घेतो, चालतो, सपाटीवर. बाबा गेले ते त्यांच्या वयानं, झोपेत. माझ्या मुलांच्या तपासण्या होतात. त्यांचे निकाल येईपर्यंत मी घरात कोणाशी बोलत नाही, ही सवय वाईट आहे, पण सुटत नाही.

तुमचा पोरगा, पोरगी धावताना पडली, तर कांदा हुंगवून परत मैदानावर पाठवू नका. धावून झाल्यावर चक्कर येणं वेगळं, धावतानाच पडणं वेगळं. आणि डॉक्टर विचारतील घराण्यात कोण गेलं, तेव्हा सगळे सांगा. भुतानं नेलेले, नजर लागून गेलेले, विहिरीत सापडलेले, ज्यांचं नाव घेत नाहीत तेसुद्धा. डॉक्टरला ठरवू द्या कोणाला भुतानं नेलं ते. आणि बंदी आलेल्या खेळाडूला "जीव तर वाचला ना" असं म्हणू नका. त्याला ते माहीत असतं. पहिले काही महिने त्याला त्याचा राग येतो.

गोंदिया

बंदी आली त्या दिवशी नागपूरहून परतताना मोठी गाडी उशिरा गोंदियाला पोचली. पुलाच्या पलीकडे बालाघाटची छोटी गाडी उभी होती आणि शिटी देत होती. सगळा डबा पुलाकडे पळत सुटला. बोचकी, पोरं, कोंबड्या. माझे पाय मला न विचारता निघाले. काही पावलं गेल्यावर मी मागे पाहिलं. बाबा पिशवी घेऊन येत होते, खाली बघत, त्यांच्या नेहमीच्या चालीनं.

मी परत गेलो आणि पिशवी माझ्याकडे घेतली. आम्ही दोघं पूल चालत चढलो, चालत उतरलो. गाडी हलली होती. छोटी लाइन ती, सुटल्यावरही बराच वेळ माणसाच्या चालीनंच जाते. दाराला लटकलेला एकजण माझ्याकडे हात पुढे करून ओरडत होता, "पळ ना बे, भेटते!"

भेटली असती. मी उभा राहिलो.